एका लिटर गॅसला हवा किती लागते?

गेल्या हिवाळ्यात आमच्या अभ्यासिकेतली बारावीची एक मुलगी सकाळी आंघोळीला गेली आणि वीस मिनिटे झाली तरी बाहेर आली नाही. आईने हाका मारल्या, आतून उत्तर नाही. भावाने धक्के देऊन कडी तोडली, तेव्हा ती फरशीवर पडलेली होती, नळ चालू होता आणि भिंतीवरचा गॅस गिझर जळतच होता. तिला उचलून बाहेर गॅलरीत आणले. गार वारा लागला, काही वेळाने तिने डोळे उघडले, उलटी केली आणि डोके फुटेल असे दुखते आहे म्हणाली. जवळच्या एका दवाखान्यात बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन पाहिला. आकडा आला ९८. अशक्तपणा आहे, उपाशीपोटी गरम पाण्याने आंघोळ करू नका, असे सांगून गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. शेजारच्या आजींनी मीठमोहरी ओवाळून नजर काढली. गिझरचे नाव कोणी काढले नाही.

आठवड्याने ती विहाराच्या सभागृहात चालणाऱ्या आमच्या अभ्यासिकेत परत आली. तिच्या वहीत रसायनशास्त्राचे एक गणित अर्धवट राहिले होते: १० मिलिलिटर प्रोपेन ८० मिलिलिटर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळला, तर शेवटी किती वायू उरेल? गणित पुढे ठेवून तिने विचारले, "दादा, हे आणि आमचं बाथरूम एकच आहे का?"

आम्ही समाजशास्त्राची माणसे. दहावीनंतर विज्ञानाशी आमचा काडीमोड झालेला. त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. मग अकरावीची पुस्तके आणली, अभ्यासिकेतल्या विज्ञानाच्या मुलांना गुरू केले आणि तीन-चार संध्याकाळी सर्वांनी मिळून हे गणित सोडवले. जे समजले ते इथे मांडत आहोत. कला आणि वाणिज्य शाखेच्या मित्रांनी समीकरण दिसले म्हणून पान उलटू नये. यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

मुळात मुद्दा असा. कोणतीही वस्तू जळते म्हणजे ती हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते. किती वस्तूला किती ऑक्सिजन, हे प्रमाण ठरलेले असते, ते कोणाच्या मर्जीवर नसते. घन पदार्थांत हे प्रमाण वजनाने काढावे लागते आणि तिथे आकडे वेडेवाकडे येतात. वायूंच्या बाबतीत मात्र निसर्गाने मोठी सवलत दिली आहे. एकाच तापमानाला आणि एकाच दाबाखाली मोजलेले वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात संयोग पावतात. दोन लिटर हायड्रोजनला एक लिटर ऑक्सिजन लागतो. पावणेदोन नाही, सव्वादोनही नाही. १८०५ साली फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक आणि हम्बोल्ट यांनी हे मोजून पाहिले आणि १८०८ मध्ये गे-ल्युसॅकने सर्वच वायूंसाठी हा नियम मांडला.

असे का होते याचे उत्तर १८११ मध्ये इटलीतल्या ॲव्होगॅड्रोने दिले. तापमान आणि दाब सारखा असेल तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्याही सारखीच असते, असे तो म्हणाला. वायू हलका असो वा जड, एक लिटर म्हणजे तेवढेच रेणू. हा माणूस मूळचा कायद्याचा पदवीधर होता, हे वाचून आम्हाला जरा धीर आला. त्याचे म्हणणे त्या काळच्या नावाजलेल्या मंडळींनी फारसे मनावर घेतले नाही. १८५६ मध्ये तो वारला. १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे कॅनिझारोने त्याची बाजू मांडली आणि मग कुठे लोकांना ती पटू लागली. बरोबर असूनही पन्नास वर्षे कोपऱ्यात पडून राहिलेला हा विचार आज अकरावीच्या पुस्तकात चार ओळींत येतो आणि मुले तो पाठ करून मोकळी होतात.

या विचाराचा थेट उपयोग असा की संतुलित समीकरणातले सहगुणक, म्हणजे रेणूंच्या नावांआधी लिहिलेले आकडे, वायूंसाठी लिटरचेही आकडे असतात. समीकरण संतुलित करता आले की अर्धे गणित सुटले.

संतुलित करणे म्हणजे हिशेब जुळवणे. बाणाच्या डाव्या बाजूला जितके अणू, तितकेच उजव्या बाजूला हवेत. अणू नवा जन्मत नाही आणि नाहीसाही होत नाही. प्रोपेनच्या एका रेणूत ३ कार्बन आणि ८ हायड्रोजन असतात. तो पूर्ण जळला तर सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइडमध्ये जातो आणि सगळा हायड्रोजन पाण्यात. आधी कार्बन पाहायचा: ३ कार्बन आहेत, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू. मग हायड्रोजन: ८ आहेत आणि पाण्याच्या एका रेणूत २ लागतात, म्हणून पाण्याचे ४ रेणू. ऑक्सिजन शेवटी मोजायचा. उजवीकडे ३ कार्बन डायऑक्साइडमध्ये ६ अणू, ४ पाण्यात ४ अणू, एकूण १०. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून डावीकडे ५ रेणू.

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

मुले इथे हमखास एक चूक करतात. ऑक्सिजनपासून सुरुवात करतात आणि मग आकडे सारखे हलत राहतात. ऑक्सिजन उजवीकडे दोन ठिकाणी विभागला जातो, म्हणून तो शेवटी घ्यायचा.

आपल्या घरच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेनमध्ये ४ कार्बन आणि १० हायड्रोजन. त्याच रीतीने ४ कार्बन डायऑक्साइड आणि ५ पाणी होतात. ऑक्सिजनचे अणू ८ अधिक ५ म्हणजे १३, म्हणून रेणू साडेसहा. साडेसहा आकडा पाहून काही मुले थबकतात, अर्धा रेणू कसा असेल म्हणतात. शंका बरोबर आहे. म्हणून परीक्षेत सगळे दुप्पट करून लिहायचे:

२ ब्यूटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

पण अर्धा रेणू नसला तरी अर्धा लिटर असतो. म्हणून आकारमानाच्या हिशेबात सरळ म्हणता येते की १ लिटर ब्यूटेनला साडेसहा लिटर ऑक्सिजन लागतो. घरात शुद्ध ऑक्सिजन नसतो, हवा असते आणि हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. साडेसहाला ०.२१ ने भागले की ३१ येतात. एक लिटर गॅस नीट जळायला एकतीस लिटर हवा! आमच्या अभ्यासिकेत हा आकडा फळ्यावर आला तेव्हा दोन मिनिटे कोणी बोलले नाही. शेगडीवर आपण गॅस जाळतो असे म्हणतो, पण खरे तर त्याच्या तीसपट हवा खर्च करत असतो.

आता त्या मुलीचे अर्धवट गणित. १० मिलिलिटर प्रोपेनला ५० मिलिलिटर ऑक्सिजन लागला. होता ८०, उरला ३०. कार्बन डायऑक्साइड तयार झाला ३० मिलिलिटर. पाण्याची वाफ ४० मिलिलिटर. मग उत्तर १०० का? नाही. प्रश्नात नळी खोलीच्या तापमानाला थंड केली असे म्हटलेले असेल तर वाफेचे पाणी होते. त्या पाण्याचे आकारमान थेंबभरही नसते, ते सोडून द्यायचे. उत्तर ६० मिलिलिटर: ३० उरलेला ऑक्सिजन आणि ३० कार्बन डायऑक्साइड. मोजमाप १०० अंशांच्या वर केले असेल तर मात्र वाफ वायूच राहते आणि उत्तर १०० होते. प्रश्नात तापमान शोभेसाठी दिलेले नसते. शिवाय उरलेला ऑक्सिजन विसरणारे तर वर्गात निम्मे असतात.

याच प्रश्नाचा दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा. १० मिलिलिटर प्रोपेन आहे, पण ऑक्सिजन फक्त ३५ मिलिलिटर. मग काय? पुस्तक म्हणते, ३५ ला ५ ने भागा, ७ मिलिलिटर प्रोपेन जळेल आणि ३ तसाच राहील. इथे मर्यादा ऑक्सिजन घालतो, गॅस घालत नाही. परीक्षेपुरते हे उत्तर बरोबर. पण प्रत्यक्षात निसर्ग इतक्या शिस्तीने सात पूर्ण जाळून तीन बाजूला ठेवत नाही. ऑक्सिजन कमी पडला की कार्बनच्या वाट्याला दोनऐवजी एकच ऑक्सिजन येऊ लागतो, आणि दुखणे तिथे सुरू होते. त्याकडे येण्याआधी वजनापासून लिटरपर्यंतचा एक छोटा पूल पार करू.

सिलिंडर किलोत मिळतो, लिटरमध्ये नाही. किलोचे लिटर करायला मोल ही कल्पना लागते. मोल म्हणजे मोजण्याचे एक माप, जसे डझन. डझनात बारा, मोलात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके रेणू. पदार्थाचे रेणुवस्तुमान ग्रॅममध्ये घेतले की एक मोल होतो. ब्यूटेनसाठी ४ कार्बनचे ४८ आणि १० हायड्रोजनचे १०, म्हणजे ५८ ग्रॅम. आणि कोणत्याही वायूचा एक मोल सारखीच जागा व्यापतो. ती किती, यावर मुलांचा गोंधळ होतो, कारण एका पुस्तकात २२.४ लिटर, दुसऱ्यात २२.७ आणि तिसऱ्यात २४.५ असे आकडे दिसतात. तिन्ही बरोबर आहेत. शून्य अंश तापमान आणि एक ॲटमॉस्फिअर दाब असेल तर २२.४, शून्य अंश आणि एक बार दाब असेल तर २२.७, आणि २५ अंश व एक ॲटमॉस्फिअर असेल तर साधारण २४.५. आपल्याकडे शून्य अंश कुठे असणार, म्हणून आम्ही २४.५ धरतो. तापमान-दाब बदलला तर हा आकडा बदलेल, समीकरणातले प्रमाण मात्र बदलणार नाही.

घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. सोयीसाठी तो सगळा ब्यूटेन धरू. १४,२०० भागिले ५८ म्हणजे सुमारे २४५ मोल. गुणिले २४.५, साधारण ६,००० लिटर गॅस. दाबाखाली द्रवरूप केल्यामुळे तो एवढ्याशा टाकीत मावतो. त्याला जळायला ३९,००० लिटर ऑक्सिजन, म्हणजे जवळपास १,८६,००० लिटर हवा लागते. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली साधारण २५,५०० लिटरची असते. एक सिलिंडर संपेपर्यंत अशा सात खोल्यांतली सगळीच्या सगळी हवा कामी येते. आणि बाहेर काय पडते? ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी. १४ किलोच्या टाकीतून ६५ किलो कसे निघाले, असे एका मुलाने विचारले. उरलेले ५१ किलो हवेतल्या ऑक्सिजनचे. हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर पाणी का साचते, याचेही उत्तर त्यातच आहे.

आता बाथरूम.

चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. आमच्या वस्तीतली बहुतेक बाथरूमे याच मापाची आहेत, काही याहून लहान. १९२ घनफूट, म्हणजे सुमारे ५,४०० लिटर हवा. त्यात ऑक्सिजन साधारण १,१३० लिटर. गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो असे धरू. त्याला १५० किलोकॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम गॅस जवळपास ११ किलोकॅलरी देतो, थोडी वाया जाते, म्हणून मिनिटाला १५ ग्रॅम गॅस. १५ भागिले ५८, गुणिले २४.५, आले ६.३ लिटर. ऑक्सिजन त्याच्या साडेसहापट, म्हणजे ४१ लिटर. मिनिटाला!

दहा मिनिटांत ४१० लिटर ऑक्सिजन गेला. १,१३० पैकी ७२० उरला. खोली पूर्ण बंद असेल तर आतल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या जवळ येते. मेणबत्तीची ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते. दाराच्या फटीतून थोडी हवा येत असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा इतका खाली जात नसेल. पण थंडीत वारा येऊ नये म्हणून त्याच फटीत आपण फडके कोंबतो, खिडकीची काच असेल तर ती लावतो, नसेल तर पुठ्ठा ठोकतो.

आणि ऑक्सिजन घटू लागला की गिझरची निळी ज्योत पिवळी पडू लागते. आता दुसरे समीकरण चालू होते:

२ ब्यूटेन + ९ ऑक्सिजन → ८ कार्बन मोनॉक्साइड + १० पाणी

पहिल्या समीकरणाशी ताडून पाहा. तिथे १३ ऑक्सिजन, इथे ९. पाणी तेवढेच. फरक सगळा कार्बनच्या वाट्याचा. त्याला पोटभर ऑक्सिजन मिळाला नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. अर्थात सगळाच गॅस असा जळत नाही. दोन्ही अभिक्रिया शेजारी शेजारी चालतात. समजा शंभरातल्या फक्त दोन भाग कार्बनचे असे झाले. गिझरमधून मिनिटाला ६.३ च्या चौपट, म्हणजे २५ लिटर कार्बनी वायू निघतात, दहा मिनिटांत २५०. त्याचे दोन टक्के ५ लिटर. पाच लिटर म्हणजे पाण्याच्या पाच बाटल्या. ५,४०० लिटरच्या खोलीत हे प्रमाण दहा लाखांत सुमारे ९२५ भाग होते.

हे जास्त की कमी? जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी पंधरा मिनिटांची मर्यादा एक घनमीटर हवेत १०० मिलिग्रॅम कार्बन मोनॉक्साइड अशी दिली आहे. आपल्याच रीतीने तिचे आकारमान काढू. कार्बन मोनॉक्साइडचा मोल २८ ग्रॅमचा. ०.१ भागिले २८, गुणिले २४.५, म्हणजे ०.०८७ लिटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, म्हणून दहा लाखांत साधारण ८७ भाग. आपल्या बाथरूममध्ये त्याच्या दहापट झाले. तेही फक्त दोन टक्के धरून. बर्नरच्या जाळीत काजळी साठली असेल, भोके बुजली असतील, तर दोनाचे पाच व्हायला वेळ लागत नाही.

त्या संध्याकाळी इथपर्यंत आल्यावर मुलीने पेन खाली ठेवले. तिच्या बाथरूममध्ये काय झाले ते तिने स्वतःच्या हाताने मांडले होते.

राहिला दवाखान्यातला तो ९८ चा आकडा. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. पण कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि जागा अडवून बसतो. बोटाला लावायचे साधे यंत्र प्रकाशाच्या साहाय्याने रक्ताचा लालपणा ओळखते. कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिनही लालच दिसते. यंत्राला दोघांतला फरक कळत नाही, ते खुशाल ९८ दाखवते. खरा आकडा रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतो, आणि ती तपासणी व्हावी म्हणून आपणच सांगावे लागते की गॅस गिझर चालू होता, दार बंद होते. डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांना कोणी गिझरबद्दल सांगितलेच नव्हते, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे हे घरातल्या कोणाला ठाऊक नव्हते.

स्वयंपाकाच्या गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत चुरचुरणे नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. दार उघडावेसे वाटते तेव्हा हात उचलत नाही. असा प्रसंग दिसला तर माणसाला आधी मोकळ्या हवेत काढायचे, दारे-खिडक्या उघडायच्या, गॅस बंद करायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्धीवर आला म्हणून घरी बसवायचे नाही, दवाखान्यात ऑक्सिजन द्यावा लागतो.

हाच हिशेब कोळशाच्या शेगडीलाही लागू आहे. बांधकामावर राहणारी कुटुंबे, रात्रपाळीचे पहारेकरी, बाळंतिणीची खोली, सगळीकडे थंडीत ती आत घेतली जाते. कोळसा म्हणजे बहुतांशी कार्बन. १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळला तर २४.५ लिटर कार्बन डायऑक्साइड, अर्धवट जळला तर तितकाच कार्बन मोनॉक्साइड. एक मूठ कोळशात १२० ग्रॅम कार्बन धरा, म्हणजे २४५ लिटर. त्याचा दहावा भाग अर्धवट जळला तर साडेचोवीस लिटर कार्बन मोनॉक्साइड, आणि दहा बाय दहाच्या खोलीत दहा लाखांत साधारण ९६० भाग. फुललेल्या निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. धूर गेला की शेगडी आत घ्यावी, हा आपल्याकडचा जुना समज नेमका उलटा आहे.

शहरांत आता पाइपने गॅस येऊ लागला आहे. तो मुख्यतः मिथेन. १ मिथेनला २ ऑक्सिजन, म्हणजे साडेनऊ लिटर हवा. ब्यूटेनला ३१. जोडणी बदलताना कारागीर शेगडीचे जेट बदलतो ते यामुळेच: मिथेनचा लिटर कमी उष्णता देतो, म्हणून तो जास्त सोडावा लागतो. त्या जेटवर पुन्हा सिलिंडरचा गॅस जोडला तर ज्योत पिवळी, भांडी काळी आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड. कारागिराचे पैसे वाचवायला घरीच जोडणी करणाऱ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावे. आणखी एक फरक वजनाचा. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान २९, ब्यूटेनचे ५८, मिथेनचे १६. सिलिंडरचा गॅस गळला तर जमिनीलगत साचतो, पाइपचा वर चढतो. पहिल्यासाठी दार, दुसऱ्यासाठी वरची खिडकी. दोन्ही वेळी विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि सिलिंडर गळत असेल तर १९०६ हा क्रमांक आहे.

या हिशेबानंतर अभ्यासिकेतली सहा मुले टेप घेऊन वस्तीत फिरली. गिझर असलेली एकवीस बाथरूमे मोजली. लांबी, रुंदी, उंची, खिडकी आहे की नाही, गिझर आत की बाहेर, धूर बाहेर नेणारी नळी आहे की नाही. सोळा ठिकाणी गिझर आत होता. नळी एकाही ठिकाणी नव्हती. गिझर बाहेरच्या भिंतीवर लावून फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यायची, हा साधा उपाय आहे. तो जमत नसेल तर दाराच्या खाली आणि भिंतीत वर अशी दोन कायमची भोके, आणि बादली बाहेर भरून, गिझर बंद करून मगच आत जायचे. काही गिझर ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण वरच्या हिशेबात दहा मिनिटांतच काय होते ते आपण पाहिले.

भाडेकरूंना मात्र भिंतीला भोक पाडायची परवानगी नसते. आम्ही चार घरमालकांना भेटलो. दोघांनी ऐकून घेतले, एकाने इतकी वर्षे काही झाले नाही असे सांगितले. चौथे त्या मुलीचे घरमालक. त्यांच्यापुढे तिने स्वतः वही उघडली आणि समीकरणापासून ९२५ पर्यंत सगळा हिशेब समजावला. त्यांना मोल कळला नाही. पण बाथरूमची मापे त्यांच्याच खोलीची होती, ती त्यांनी टेपने पुन्हा मोजून पाहिली आणि बरोबर निघाली. पुढच्या रविवारी गिझर गॅलरीत गेला. नळी ओढायला तीन फूट पाइप आणि एक एल्बो लागला, खर्च निम्मा निम्मा.

उरलेल्या पंधरा घरांची यादी अभ्यासिकेच्या फळ्याशेजारी लावलेली आहे. आजवर त्यातली सात नावे खोडून झाली.